अर्धापूरचं इंजिन

भूकंपात आमचं घर पडलं नाही. भिंतींना तडे गेले, मागची भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर आली आणि मायनं त्या घरात पुन्हा पाय ठेवायला साफ नकार दिला. लातुरात तेव्हा अशी पुष्कळ घरं होती, उभी पण रिकामी. औशाकडच्या, निलंग्याकडच्या गावांत काय झालं ते जो तो डोळ्यांनी बघून आला होता किंवा बघून आलेल्याकडून ऐकून बसला होता, आणि दगडमातीच्या भिंतीवर कुणाचाच भरोसा उरला नव्हता. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मोठ्या रस्त्याला लागून इंजिनं दुरुस्त करायचं पत्र्याचं शेड होतं. पत्रा अंगावर पडला तरी माणूस मरत नाही, एवढ्या एका समाधानावर आम्ही तिघं गाठोडी घेऊन तिथं राहायला गेलो. जाताना आठवड्याभराची गोष्ट होती. मी दहावी झाले तरी आम्ही तिथंच होतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तो. असं बोललं की लोक विचित्र नजरेनं बघतात, कारण त्या दिवसांबद्दल सुखाचा शब्द काढायचा नसतो. पण मला काय वाटलं ते मी लपवणार नाही, निदान आता या वयात तरी नाही.

शेडच्या एका अंगाला लोखंड आवळून धरायचा व्हाइस, ग्राइंडर आणि अण्णांची अवजारांची फळी. दुसऱ्या अंगाला मायचा स्टोव्ह, पाण्याचा माठ आणि दोरीवर आमचे कपडे. मधे उघडी पडलेली इंजिनं. डिझेलचं पिंप असल्यामुळे स्टोव्ह पार टोकाला मांडलेला, आणि वाऱ्याची दिशा बदलली की माय भाकरी तव्यावर अर्धी टाकून स्टोव्ह सरकवायची. सगळ्यालाच डिझेलचा वास यायचा. अंबाडीच्या भाजीला, तुरीच्या वरणाला, उशीला, माझ्या वेणीला. शाळेत माझ्या शेजारची मुलगी नाक धरायची, म्हणून मी मुद्दाम तिच्याकडे सरकून बसायचे. माय म्हणायची, "आपल्या घरातलं मीठ सरंल, पण ग्रीस सरायचं न्हाई." दुपारी ऊन चढलं की पत्रा तापून टणटण वाजायचा. सुरुवातीला त्या आवाजासरशी आम्ही तिघंही हातातलं टाकून रस्त्यावर पळायचो. पुढे पुढे अण्णा आणि मी जागचे हलेनासे झालो. माय मात्र शेवटपर्यंत पळायची, आणि परत येऊन आमच्यावरच रागावायची.

अण्णांकडे यायची ती विहिरीवरची, गिरणीतली, गुऱ्हाळावरची जुनी डिझेल इंजिनं. भूकंपानंतर त्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्यांची भर पडली. मालक कधी बरोबर असायचा, कधी मालक उरलेलाच नसायचा आणि त्याचा मेहुणा नाहीतर जावई बैलगाडीतून इंजिन घेऊन यायचा. अशा इंजिनाला हात लावण्याआधी अण्णा चपला काढून ठेवायचे. असं करायची कुठं रीत नव्हती आणि त्यांनी त्याचं कारणही कधी सांगितलं नाही. त्यांचं बघून मीही काढायला लागले.

या इंजिनांचा सगळ्यात अडेल भाग म्हणजे नोझल. इंजिनाच्या डोक्यात, ज्याला आम्ही हेड म्हणतो, एक भोक असतं आणि त्यात वितीएवढं लोखंडी नळकांडं घट्ट बसवलेलं असतं. त्याच्या टोकातून डिझेलचा बारीक फवारा आत जातो. वर्षानुवर्षं काजळी आणि गंज धरून ते नळकांडं भोकाशी एकजीव होतं. उतावळा माणूस त्याला हातोडी घालतो. मग टोक आत मोडून राहतं नाहीतर हेडलाच चीर जाते, आणि तसं जुनं हेड बाजारात मिळत नसल्यानं आख्खं इंजिन भंगारात जातं. अण्णांची पद्धत ठरलेली होती. आधी नट सैल करायचे. मग नळकांड्याभोवती रॉकेल सोडायचं आणि तिथून उठून जायचं, कारण समोर बसून राहिलं की हात शिवशिवतात. दुसऱ्या दिवशी पान्यानं आधी केसभर आवळायचं, मग सोडायचं. नाही हललं तर पुन्हा रॉकेल. त्यानंही भागलं नाही तरच उकळत्या पाण्यातली फडकी हेडभोवती गुंडाळायची, आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून हँडल मारून इंजिनाच्याच दमानं त्याला वर ढकलू द्यायचं. हा क्रम मोडायचा नाही, असा त्यांचा हुकूम होता. मी तो क्रम कधीच मोडला नाही. अभ्यासात मी धांदरट होते, चुलीपाशी तर त्याहून, पण अडकलेल्या नोझलपाशी माझ्या अंगात कुठून कोण जाणे शांतपणा यायचा. "हिच्या मनगटात घाई न्हाई," अण्णा गिऱ्हाइकांना सांगायचे.

लाखेचं कामही माझ्याकडेच होतं. दोन लोखंडी तोंडांमधल्या कागदी पॅकिंगला लावायची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून डबीत भरून ठेवायची. तिचा वास गोडसर, थोडा करपल्यासारखा. आजही बांगड्यांच्या दुकानावरून जाताना तो आला की माझं पाऊल अडखळतं. लाख रॉकेलाला बिलकुल जुमानत नाही. ती सुटते स्पिरिटनं नाहीतर उबेनं. "म्हणून नोझलपाशी लाख न्यायची न्हाई," अण्णा बजावायचे. "पुढच्या मिस्त्रीच्या शिव्या खायचं काम हाय ते."

मी पहिल्यांदा एकटीनं, त्यांनी हात न लावता, एका गिरणीचं नोझल सबंध काढलं त्या संध्याकाळी अण्णांनी मायला स्टोव्ह बंद करून जवळ बोलावलं. "ऐक," ते म्हणाले, "मला पोरगं न्हाई याचं मला आता काही वाटत न्हाई. हे शेड मंगलचं." माय हसली आणि म्हणाली, "तिला आधी भाकरी गोल करू द्या." पण अण्णा हसले नाहीत. त्यांनी शेडच्या कुलपाची एक किल्ली दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात घातली. मुलींना बाप काय काय देतात, मला शेड मिळालं होतं आणि मला दुसरं काहीही नको होतं. वर्गातल्या मुली पुढं कोण होणार ते बोलायच्या तेव्हा मी गप्प बसायचे. माझं ठरलेलं होतं. त्या रस्त्यावर, त्या पत्र्याखाली, मी मंगल मिस्त्री होणार होते.

पण रस्ता बदलत होता. आमच्या समोरच्या लाकडाच्या वखारीचा क्लास झाला, त्याच्या शेजारच्या पिठाच्या गिरणीचा झाला. संध्याकाळी क्लास सुटला की जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुलं पाठीवर दप्तरं घेऊन रस्ताभर पसरायची. ज्यांनी भूकंपानंतर घराबाहेर झोपायची सवय लावून घेतली होती त्यांनी आतल्या खोल्या मुलांना भाड्यानं दिल्या आणि त्यांच्या बायका मेसचे डबे करायला लागल्या. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या, त्यामुळे अण्णांकडे इंजिनांपेक्षा क्लासवाल्यांचे जनरेटर जास्त यायचे. त्यातलेच एक सर जनरेटर घ्यायला आले की उगाच रेंगाळायचे. चहा प्यायचे, मान वर करून पत्र्याची उंची बघायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायचे. मला वाटायचं, माणूस मोकळ्या स्वभावाचा आहे. मला दहावीला किती पडले ते त्यांनी विचारलं. दुर्दैवानं मला चांगले पडले होते. कसे पडले देव जाणे, पण पडले, आणि त्या दिवसापासून येणारा जाणारा मला डॉक्टर म्हणायला लागला. मी प्रत्येकाला सांगायचे की मी शेड चालवणार आहे. लोक हसायचे. अण्णा हसत नव्हते, पण 'हो' म्हणायचंही त्यांनी केव्हा सोडलं ते माझ्या ध्यानात आलं नाही.

एके सकाळी त्यांनी त्यांची अवजारांची पेटी पुसून माझ्यापुढे ठेवली. ती पेटी ते कुणाला उचलूही देत नसत. "अर्धापूरला दिगंबररावांच्या केळीच्या मळ्यात इंजिन हाय. नोझल पार धरून बसलंय. मला निलंग्याला गुऱ्हाळाचं इंजिन बसवायला जायचं हाय. हे तू कर. नांदेडला आत्याकडं राहा, तिथून एसटीनं जा-ये कर." मी विचारलं, एकटी? "एकटी," ते म्हणाले. "अन् घाई करू नको. म्हातारं इंजिन हाय, हेड मिळायचं न्हाई. रॉकेलाला त्याचा येळ दे." आनंदानं मी पेटी तिथल्या तिथं उचलून बघितली. मायनं माझ्या डोक्यावर तेल घालून घट्ट वेणी घातली आणि बरोबर धपाटे, शेंगाची चटणी, तिळाची चटणी असं बांधून दिलं. धपाटे इतके होते की मी म्हटलं, माय, मी काय सासरी चालले का? ती पिशवीची गाठ मारत राहिली.

नांदेडची माझी आत्या जुन्या वस्तीत राहायची. तिचे यजमान शाळेत कारकून होते आणि घरात फार आवाज चालत नसे. आत्यानं माझ्यासाठी दोन नवे पंजाबी ड्रेस शिवून ठेवले होते. मी म्हटलं, मला इंजिनाच्या कामाला हे कशाला? "असू दे, कॉलेजात लागतील," ती म्हणाली. मी रोज सकाळी पेटी घेऊन एसटीत बसायचे. कंडक्टरनं पहिल्या दिवशी पेटी उचलून बघितली आणि विचारलं, "काय हाय बाई यात, तोफगोळे?" मी म्हटलं, पाने. त्याला वाटलं विड्याची पानं, आणि तो आख्ख्या बसला सांगत सुटला. मी खिडकीतून बघत होते. अर्धापूर जवळ आलं की दोन्ही बाजूंनी केळी सुरू व्हायच्या, आणि मी कुणीतरी झाले आहे असं मला वाटायचं.

इंजिन विहिरीपाशी छपरात होतं. अण्णा म्हणाले तसंच, नोझल दगडासारखं बसलेलं. मी नट सैल केले, रॉकेल सोडलं आणि उठले. दिगंबरराव मोठे गोड माणूस. येता जाता म्हणायचे, "होऊ दे पोरी, काही गडबड न्हाई." केळीला पाणी मात्र चालूच असायचं, दुसऱ्या विहिरीवरच्या मोटारीनं. ज्याचं इंजिन बंद पडलंय त्याला गडबड कशी नाही, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण मी माझ्याच तोऱ्यात होते. दुपारी त्यांच्या घरच्या पार्वतीकाकू मला ओट्यावर बसवून भाकरी, पिठलं आणि शिकरण वाढायच्या. दुसऱ्या दिवशी मी केसभर आवळलं, सोडलं. काही नाही. पुन्हा रॉकेल. असे दिवस गेले. संध्याकाळी हात हलवत आत्याकडे परतायचे तेव्हा लाज वाटायची आणि मी मनातल्या मनात अण्णांशी बोलायचे: नाही अण्णा, हातोडीला हात लावला नाही, क्रम मोडला नाही, तुम्ही काळजी करू नका. हे आठवलं की मला आजही स्वतःची कीव येते आणि त्यांचा राग येतो, आणि दोन्ही एकदमच येतात.

शेवटी रॉकेलाची पाळी संपली असं मी ठरवलं. काकूंकडून पातेलंभर पाणी उकळून घेतलं, फडकी बुडवून हेडभोवती गुंडाळली, गार झाली की बदलली. चौथं-पाचवं फडकं असेल, आणि वास आला. गोडसर, थोडा करपलेला. मला आधी कळेचना की अर्धापूरच्या मळ्यात आमच्या घरचा वास कुठून आला. मी वाकून नाक लावलं. मग पाना लावला, आणि इतक्या दिवसांत केसभर न हललेलं ते नोझल माझ्या हातात अलगद फिरलं. ओढलं तसं वर आलं, सबंध, टोकासकट. त्याच्याभोवती काजळी नव्हती, गंज नव्हता. भोवताली पिवळट तपकिरी लाखेचं कडं होतं, ऊब लागून मऊ झालेलं. खाली तांब्याचा वायसर, नोझलखाली बसते ती चपटी कडी, कोरा होता, हातानं कापलेला, आणि त्याच्या काठाला कानशीनं मारलेली बारीक खाच होती. अण्णा आपल्या हातच्या प्रत्येक वायसरला अशी खाच मारायचे. दुसरं कुणी मारत नसे.

मी ते हातात घेऊन बसले. काकू चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "काकू, आमचे अण्णा इथं कधी आले होते?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि पदरानं हात पुसले. "मी यांना पहिल्याच दिशी म्हणलं होतं, लेकराला असं फसवू नका. तुझे अण्णा मागल्या बाजाराच्या दिशी आलते बाई. इंजिन चांगलं चालत होतं. त्यांनीच खोललं, काय लावायचं ते लावलं अन् यांना म्हणले, पोरगी येईल, तिला येळ लागंल, लागू द्या."

"कामून?"

"तुमचं शेड त्या क्लासवाल्या सरांना देऊन राहिले न्हवं. तू समोर असलीस तर किल्ली सोडणार न्हाईस, दारात आडवी पडशील, म्हणले." त्या माझ्याजवळ टेकल्या. "बापाच्या मनात वाईट न्हाई पोरी. तुला डॉक्टर करायचं म्हणत होते. बोलता बोलता डोळ्यांला पाणी आलतं त्यांच्या."

अण्णांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं मला काय करायचं होतं? मला जे कळत होतं ते त्याहून वाईट होतं. लाखेला रॉकेल लागत नाही हे त्यांनी मला शिकवलं होतं. मी आधी रॉकेलच घालणार, दिवसचे दिवस घालणार, उबेला हात लावणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं, कारण तो क्रम त्यांचाच. माझ्यात जे काही चांगलं होतं, ते त्यांनीच घडवलेलं, आणि त्याचंच त्यांनी माझ्यासाठी कुलूप केलं होतं. मी घाईची असते, हातोडी मारून मोकळी झाले असते, तर लवकर घरी पोचले असते आणि शेड वाचलं असतं. मी मोठ्यानं रडले. विहिरीपाशी कुणी नव्हतं, काकू होत्या, आणि त्यांनी मला रडू दिलं.

मग मी उठून लाख स्पिरिटनं धुतली, नोझल पुसलं, जागेवर बसवलं, नट आवळले आणि हँडल मारलं. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. आवाज ऐकून दिगंबरराव केळीतून धावत आले आणि माझं तोंड बघून तिथंच थांबले. मी त्यांना नमस्कारही केला नाही.

नांदेडला आत्यानं मला दारात बघितलं आणि तिला कळलं. "आजच्या दिवस राहा," ती म्हणाली, "उद्या मी येते संग." मी म्हटलं, "आत्या, तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "सगळ्यांलाच ठाव होतं गं." तिनं ते मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असावं. नवे ड्रेस मी तिच्या पलंगावर ठेवले आणि लातूरची बस धरली. रस्ताभर पेटी मांडीवर होती. मला एकच वाटत होतं, की अजून काही झालं नसेल, काकूंनी चुकीचं ऐकलं असेल, मी पोचेन आणि शटर उघडं असेल आणि माय स्टोव्ह सरकवत असेल. किल्ली माझ्या गळ्यात होती, आणि किल्ली आहे म्हणजे शेड आहे, असं मी स्वतःला सांगत होते.

शटर उघडंच होतं. आत चुन्याचा वास होता. फळी नव्हती, व्हाइस नव्हता, जमिनीवर ताजं सिमेंट ओतून गुळगुळीत केलेलं आणि त्यावर बाकांच्या रांगा. अण्णा खाली बसून एका बाकाच्या पायाखाली लाकडाची चकती सरकवत होते, बाक डुगडुगू नये म्हणून. निलंग्याला कुणी गेलेलं नव्हतं. त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "इतक्या लवकर?"

ते उठले. "निघालं?"

"निघालं."

"मोडलं न्हाई ना?"

"न्हाई."

त्यांचा चेहरा खुलला, खरंच खुलला, आणि त्या क्षणी मला त्यांचा जेवढा संताप आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. "अण्णा, लाख कामून लावली?"

त्यांनी हातातली चकती बाकावर ठेवली. खोटं बोलावं असं त्यांना वाटलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. "नुसता गंज असता तर रॉकेलनं तू दोन दिवसांत काढलं असतंस. मला दिवस पाहिजे होते."

"मला विचारायचं होतं."

"तू न्हाई म्हणली असतीस."

"हाव, म्हणले असते."

"मग?" ते म्हणाले. जसं काही हिशोब जुळला. "इंजिनाचे दिवस सरले, मंगल. मोटारीच्या जमान्यात तू इथं काळे हात घेऊन कुणाची वाट बघत बसणार? तुझी जागा पहिल्या बाकावर धरलीय सरांनी. त्या कोपऱ्यात." तो कोपरा व्हाइसचा होता.

मी विचारलं, अवजारं कुठं आहेत? निलंग्याच्या एका मिस्त्रीला दिली म्हणाले. मग त्यांनी माझ्या हातातल्या पेटीकडे हात केला. मला वाटलं, ओझं घेतायत. "ही पण त्यालाच द्यायची हाय," ते म्हणाले. "तुझ्यासाठी मागं ठेवली होती, अर्धापूरपुरती." मी पेटी दिली. गळ्यातली किल्लीही काढून दिली. ते म्हणाले, किल्ली असू दे, कुलूप बदललंय.

मायला त्यांनी स्लॅबच्या दोन खोल्या घेऊन दिल्या होत्या, दोन गल्ल्या पलीकडे. तिथं मला बघून ती म्हणाली, "हात धू, जेवायला बस." मी म्हटलं, "तू तरी." ती म्हणाली, "मला काय इचारून करत्यात का ते?" हे खरं होतं, आणि तरी मी तिलाही माफ केलं नाही. धपाटे बांधताना ती बोलू शकली असती.

मी त्या कोपऱ्यात दोन वर्षं बसले. सर चांगले शिकवायचे, तेही लिहिलं पाहिजे. उन्हाळ्यात पत्रा वाजला की बाहेरगावची मुलं दचकून वर बघायची आणि मी वहीत बघायचे. मला मेडिकलला जागा मिळाली. नांदेडला माझा दवाखाना आहे, नाव बरं आहे. लोक म्हणतात, बघ, भलंच झालं की नाही. झालं. दवाखान्यावर माझा जीव आहे. पण भलं झालं म्हणून दगा पुसला जातो, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही, आणि पटवायला येणाऱ्यांना मी चहासुद्धा देत नाही. अण्णा म्हणतील ते मी केलं, त्यांचं म्हातारपण बघते आहे, पण त्या दिवसानंतर एखादी गोष्ट त्यांच्या हाती डोळे मिटून सोपवली असं एकदाही झालं नाही. मुलीला खेळायला त्यांच्याजवळ ठेवून जायचे तेव्हासुद्धा मी दारातून परत येऊन एकदा बघायचे.

माय गेल्यावर ते माझ्याकडेच राहायला आले. ओसरीत खुर्ची टाकून बसतात आणि येईल त्याला एकच गोष्ट सांगतात: माझ्या पोरीनं लाखेत बसवलेलं नोझल, हातोडी न लावता, सबंध काढलं होतं, मी मी म्हणणाऱ्या मिस्त्रीला जमायचं नाही. पेशंटना सांगतात, दूधवाल्याला सांगतात. सांगताना छाती फुगते त्यांची. परवा माझ्या मुलीनं, ऋचानं, पहिल्यांदाच नीट कान देऊन ऐकलं. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. तिनं विचारलं, "पण आजोबा, तिथं लाख लावायची नसते म्हणता ना? मग लावली कोणी?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "होता एक मिस्त्री," ते म्हणाले. मग खुर्चीतून पुढं वाकत, "माणूस वाईट न्हवता."

ऋचानं मान डोलावली. ते मात्र माझ्याकडेच बघत होते, डोळे आता पाणावलेलेच असतात त्यांचे. त्यांना माझ्याकडून नुसतं एक होकाराचं 'हाव' पाहिजे होतं. मला ते देता आलं असतं. मी दिलं नाही.